वासे

क्लाइन टाउनच्या वळणावर टॅक्सी थांबली.
कॉलेज कुठंय, विचारणार होतो,
तर ते समोरच होतं:
तांबड्या दगडाच्या भिंती, खिडक्यांच्या रांगा,
आणि एकेका खिडकीच्या आत
पुन्हा आभाळ.

रेमिलेकुनबाई उतरल्या. वय ब्याऐंशी,
पांढरे हातमोजे, चर्चला घालतात ती हॅट.
एवढा थाट कशाला, मी विचारलं नव्हतं,
पण त्यांना ऐकू गेलं.
"परीक्षेच्या जागी नीट यावं."
त्यांच्या पणजोबांनी इथे लॅटिनची परीक्षा दिली,
एकदा नापास, एकदा पास.
पास झाल्याचा कागद भिंतीवर, काचेत.
नापासाचा बायबलमध्ये.

दार नाही. दाराची जागा आहे.
त्या जागेत थांबून बाईंनी बूट पुसले,
नसलेल्या पायपुसण्यावर, आधी डावा, मग उजवा.
मग आवाज खाली आणला,
आत कोणीतरी वाचत बसलंय अशा बेताने.

आत शेळी होती. तिने मान वर केली
आणि पुन्हा चरायला लागली.
लोखंडी खांब सरळ उभे, काहीच न पेलता.
दुसऱ्या मजल्याच्या भिंतीत एक झाड,
पहिली इयत्ता न शिकताच वर गेलेलं.

"छप्पर कशाचं होतं ठाऊक आहे?"
बाईंचं बोट वर, जिथे आता घार फिरत होती.
"गुलामांची जहाजं पकडायचे ना,
त्यांच्या डोलकाठ्या उतरवून त्यांचे वासे केले,
असं आमच्यात सांगतात.
पणजोबांचे वडील अशाच एका जहाजाच्या पोटात होते.
आणि पोरगा त्या काठ्यांखाली बसून
क्रियापदं घोकत होता:
मी वाहून नेतो, तू वाहून नेतोस, तो वाहून नेतो.
नापास कुठे झाला, सांगू?
मला वाहून नेलं जातं, इथे."

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात,
अशी म्हण आहे आमच्यात.
इथे वासे आधी फिरले, समुद्रभर,
आणि मग त्यांचं घर झालं.
सांगायला गेलो, तर इंग्रजीत अडलो.
पाण्याच्या पंपांपुरतीच माझी इंग्रजी.

एवढ्यात बोकारी वही घेऊन आला. वॉचमन.
नाव, गाव, कॉलेजशी नातं.
बाईंनी लिहिलं: पणती.
मी लिहिलं: काही नाही.
बोकारी म्हणाला, "मीही इथलाच. दोन वर्षं होतो."

बाईंनी चष्मा चढवला. "कुठली वर्षं? विषय?"
"सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.
विषय नव्हता, मॅडम. लढाई होती.
त्या तिथे, तिसऱ्या खिडकीत, आम्ही अकरा घरं.
आई चौकटीवर कसावाची पानं कुटायची.
रात्री गोळ्या सुरू झाल्या की कंदील विझायचा,
आणि आम्ही रडू नये म्हणून ती म्हणायची, मोजा.
काय मोजणार? फटींतून चांदणं यायचं,
तेवढ्यात दिसायचे ते वासे.
माझा आणि बहिणीचा आकडा कधी जुळला नाही.
उद्या पुन्हा मोजू, म्हणायचो.
मग आग लागली."

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत,
लहानपणी शंभरदा ऐकलंय मी.
ज्याने खरोखर मोजले असा हा एकच भेटला,
आणि तोच राखण करत उभा आहे,
जे उरलंय त्याची.

"वहीत लिही," बाई म्हणाल्या.
"वॉचमन लिहीत नाही, वही सांभाळतो."
"लिही."

त्याने नाव लिहिलं, सावकाश, जीभ दातांत धरून.
गाव लिहिलं.
नात्याच्या रकान्याशी पेन थांबलं.
टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता,
शेळी बाईंच्या हातमोज्याचं टोक चाखून बघत होती,
बाईंनी हात काढून घेतला नाही.

बोकारीने लिहिलं: बत्तीस.
जरा थांबून, शेजारी, बारीक अक्षरात:
बहिणीच्या मते तेहतीस.